हवामान खात्याचा अंदाज नीट वाचायचा कसा: वादळ, पूर आणि उन्हाच्या इशाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

“पुण्याला रेड अलर्ट” अशी पट्टी टीव्हीवर फिरते. कोथरूडमध्ये दिवसभर नुसती भुरभुर होते आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हवामान खात्याची टिंगल सुरू होते. तिकडे ताम्हिणीत मात्र ओढे रस्त्यावर आलेले असतात. इशारा होता पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याला. बातमीच्या पट्टीत ‘घाट’ हा शब्द मावला नाही, एवढंच.

मला सकाळी सातपासून नातेवाइकांचे फोन येतात. कुणाची द्राक्षबाग असते, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा मुलगा दिल्लीच्या उन्हात परीक्षेला निघालेला. प्रश्न सगळ्यांचा एकच, आणि चुकाही त्याच त्या. अंदाज कधी कधी चुकतो, हे खरंच. पण अंदाज बरोबर असून आपणच तो उलटा वाचला, असंही मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून इशारा हातात आला की आधी तीन गोष्टी शोधायच्या: कुठल्या जागेसाठी, किती वाजेपर्यंत आणि कशाचा. रंग त्यानंतर. पुढचे टप्पे याच हिशोबानं लावलेत, क्रम मोडू नका.

## पूर्वतयारी: हंगामाआधी एकदाच

एक कागद घ्या, त्यावर खालच्या पाच गोष्टी लिहा आणि फ्रिजला चिकटवून टाका. ऐन पावसात शोधाशोध करायला वेळ नसतो, आणि वीजही नसते.

१. आपला हवामान उपविभाग. हवामान खात्यानं देशाचे ३६ उपविभाग केलेत. आपल्या वाट्याला त्यातले चार येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. ‘खानदेश’ किंवा ‘पश्चिम महाराष्ट्र’ ही नावं खात्याच्या रोजच्या अंदाज-पत्रकात शोधत बसू नका. जळगावपासून कोल्हापूरपर्यंत सगळे ‘मध्य महाराष्ट्रा’त मोडतात.

२. जिल्हा, आणि आपण घाटात आहोत की पठारावर. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट भागाला वेगळा इशारा दिला जातो.

३. आपल्यापासून सर्वांत जवळचं तापमान आणि पाऊस मोजायचं केंद्र.

४. जवळची नदी, तिची पातळी कुठल्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर मोजतात ते ठिकाण, तिथली इशारा पातळी, धोका पातळी आणि वरच्या बाजूला असलेल्या धरणांची नावं.

५. फोन नंबर: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

फोनमध्ये ‘मौसम’ (अंदाज आणि इशारे), ‘दामिनी’ (विजा), ‘सचेत’ (आपत्ती व्यवस्थापनाचे इशारे) आणि नदीकाठी राहत असाल तर केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ही अ‍ॅप घाला. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ आहे. त्यातला पीक-सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

तपासा: ‘दामिनी’ला लोकेशनची परवानगी दिली आहे का? ती नसेल तर अ‍ॅप नुसतं फोनमध्ये पडून राहतं.

## टप्पा १: आधी घड्याळ, मग ढग

पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते. सर्वांत आधी ती वाचा. देशाचं पत्रक दिवसातून चार वेळा निघतं: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. सविस्तर असतं ते दुपारचं. रात्री नऊला निर्णय घ्यायचा असेल आणि हातात सकाळचं पत्रक असेल, तर तुम्ही शिळा अंदाज वाचताय.

आता सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. ‘१२ तारखेचा इशारा’ म्हणजे १२ च्या सकाळी साडेआठपासून १३ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. १३ ची पहाट इशाऱ्याच्या हिशोबात १२ मध्येच जाते.

कराडजवळ माझा मावसभाऊ असतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्यानं काढलेल्या सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. १२ तारखेला विजांसह पावसाचा यलो अलर्ट होता. दिवसभर लख्ख ऊन. रात्री नऊला त्यानं ‘गेला एकदाचा’ म्हणत ताडपत्री काढली, शेंगांना वारा लागावा म्हणून. पहाटे पाचला सरी आल्या. सकाळी फोन: “अरे, इशारा कालचा होता ना? काल तर थेंब नाही पडला!”

“दादा, कालचा दिवस आज साडेआठला संपतो.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग कॅलेंडरं तशी छापा म्हणावं.”

पावसाच्या आकड्यालाही हाच नियम. १३ तारखेला सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस १३ च्या नावावर चढतो, पण तो पडलेला असतो बव्हंशी १२ ला. बातमीतला आकडा आणि तुमची आठवण जुळत नसेल तर आधी हे बघा.

सावधान: उपग्रहाच्या आणि रडारच्या चित्रांवर पुष्कळदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. चित्रावर ०९:०० यूटीसी दिसलं तर ते आपल्या दुपारी अडीचचं आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ज्या नकाशावर तारीखच नाही, तो सरळ पुसून टाका. दर जुलैमध्ये गेल्या कुठल्या तरी जुलैचा लाल नकाशा हमखास फिरतो.

## टप्पा २: देशाच्या चित्रावरून एक नजर

पत्रकाच्या सुरुवातीला कमी दाबाची क्षेत्रं, आस (कमी दाबाचा लांबट पट्टा, इंग्रजीत ‘ट्रफ’), चक्राकार वारे असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि जवळजवळ सगळे तेवढं सोडून खाली जातात. सोडू नका. चार ओळखी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

बंगालच्या उपसागरात, ओडिशा किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं असं पावसाळ्यात वाचलंत, की ते बहुतेक वेळा पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकतं. एखाद-दोन दिवसांत छत्तीसगड आणि विदर्भात पाऊस वाढतो, आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे जोर धरून कोकण आणि घाटावर बरसतात. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर ‘ऑफशोर ट्रफ’ असेल तर कोकणात पावसाचा जोर वाढायची चिन्हं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ किंवा मध्य प्रदेशाकडून दक्षिणेकडे उतरणारी आस दिसली तर दुपारनंतरची वादळं आणि गारपीट मनात धरा. ‘पश्चिमी विक्षोभ’, म्हणजे पश्चिमेकडून येऊन उत्तरेत पाऊस-बर्फ पाडणारी वादळी प्रणाली, हा शब्द हिमालयात जाणाऱ्यांसाठी: चारधाम किंवा काश्मीरचं तिकीट काढलेल्यानं तिथल्या राज्याचा इशारा रोज बघायला लागायचा.

प्रवासाला निघालात तर नुसतं गाठायचं गाव बघू नका. नागपूरहून दिल्लीला जाणारी गाडी मधल्या सगळ्या उपविभागांतून जाते. वाटेवरच्या प्रत्येकाचा रंग पाहून ठेवा.

चक्रीवादळाबद्दल इथे फार लिहीत नाही, त्याची वेगळी पत्रकं निघतात. एकच सांगतो: नकाशावर जी मार्गाची रेघ असते, तिच्या दोन्ही बाजूंना फुगत जाणारा पट्टा असतो. वादळ त्या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतं. ‘रेघ आमच्या गावावरून जात नाही’ म्हणून निर्धास्त बसू नये. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, पण माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या त्या कितीतरी लांबपर्यंत.

## टप्पा ३: ‘तुरळक’ आणि ‘शक्यता’ या शब्दांचा अर्थ लावा

आपण ‘तुरळक पाऊस’ म्हणतो तेव्हा चार थेंब मनात येतात. पत्रकातलं ‘तुरळक ठिकाणी’ हे ठिकाणांबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. उपविभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि त्यावर ‘बहुतांश ठिकाणी’. मराठी भाषांतरात हे शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. शंका आली तर पत्रकाच्या तळाशी दिलेला तक्ता बघा.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे वाक्य गंभीर आहे. मोजक्या जागी, पण तिथे धो धो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. सकाळी कुलाब्याच्या खिडकीतून बघणाऱ्याला काय कळणार होतं?

शक्यतेचंही तसंच. इंग्रजी पत्रकातलं ‘लाइकली’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५१ ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून जास्त. नुसत्या ‘शक्यता आहे’ला आपण ‘पडणारच’ समजतो आणि मग चिडतो. प्रत्यक्षात तो निम्म्याहून कमी वेळा खरा व्हायला हवा, असाच तो शब्द आहे.

## टप्पा ४: जिल्ह्याचा रंग, आणि रंगामागचं कारण

आता रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नवीन माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा.

रंग पावसाचे मिलिमीटर सांगत नाही. किती नुकसान होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, याचा ताळा करून तो ठरतो. त्यामुळे शंभर मिलिमीटर पावसासाठी रत्नागिरीचा आणि बीडचा रंग सारखाच यायला हवा असं नाही. रत्नागिरीच्या लाल मातीनं आणि उतारांनी जुलैत असे शंभर पुष्कळदा पचवलेले असतात.

दुसरं, रंग पावसापुरता नसतो. विजा, वारा, गारा, उष्णता, थंडी, धुकं, सगळ्यांना तेच चार रंग. जिल्ह्यावर बोट ठेवलं की कारण दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. मे महिन्यात अकोल्याचा यलो उन्हाचा असू शकतो आणि शेजारच्या जिल्ह्याचा विजांचा. पहिल्यात दुपारी घरात थांबायचं, दुसऱ्यात शेळ्या झाडाखालून आणायच्या.

चूक: ‘रेड अलर्ट आहे म्हणजे उद्या शाळेला सुट्टी.’ हवामान खातं सुट्टी देत नाही. ती जिल्हाधिकारी किंवा महापालिका जाहीर करते. शाळेकडून खात्री करा.

चूक: चौथ्या-पाचव्या दिवसाचा रंग पक्का धरणं. पहिल्या दोन दिवसांच्या रंगावर काम करा. त्यापुढचा ‘नजर ठेवा’ एवढ्यापुरता. रोज दुपारी एकदा पुन्हा बघा, कारण तो चढतो तसा उतरतोही.

## टप्पा ५: मिलिमीटरचं पाण्यात रूपांतर

चोवीस तासांचा पाऊस ६४.५ मिलिमीटर झाला की तो मुसळधार. ११५.६ पासून अतिमुसळधार. २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. त्याखालचा, १५.६ पासून पुढचा, मध्यम.

आकडे डोक्यात राहत नाहीत, पाणी राहतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची असेल तर शंभर मिलिमीटरमध्ये तिच्यावर सव्वानऊ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे जवळजवळ एक टँकर. ते सगळं एका तुंबलेल्या पन्हाळीतून जायचंय. मे महिन्यात ती साफ केलीत का?

आणि चोवीस तासांत पडलेले शंभर वेगळे, दोन तासांत पडलेले वेगळे. चोवीस तासांचा आकडा हा फरक सांगत नाही, तो पुढच्या टप्प्यात कळतो. जाता जाता: जोराची सर आली की लगेच ‘ढगफुटी’ म्हणू नका. साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात शंभर मिलिमीटर, तेव्हा ढगफुटी.

## टप्पा ६: वादळ आणि विजा, म्हणजे शेवटचे तीन तास

गडगडाटी वादळ नेमकं कुठल्या तालुक्यात उठेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. जिल्ह्याचा रंग फक्त ‘आज वातावरण तसं आहे’ एवढं सांगतो. नेमकेपणा येतो तो ‘नाउकास्ट’मध्ये. हा पुढच्या तीन तासांपुरता इशारा असतो आणि सारखा बदलत असतो. लग्नाचा मांडव, मळणी, क्रिकेटचा सामना, यासाठी दुपारी दोननंतर हाच बघायचा.

क्रम असा ठेवा:

१. नाउकास्टमध्ये आपला जिल्हा आहे का, आणि वाऱ्याचा वेग किती दिलाय ते पाहा. ताशी ३० ते ४० किलोमीटरला पत्रे खडखडतात. ५० ते ६० म्हटलं असेल तर फांद्या, सैल पत्रे आणि मांडव धोक्यात.

२. रडारच्या चित्रांची मालिका पाहा, एकच चित्र नको. मुंबई, गोवा, नागपूर इथल्या रडारची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. निळ्या-हिरव्यापेक्षा पिवळ्या-लाल ठिपक्यांवर लक्ष ठेवा. अर्ध्या तासात ते किती सरकले आणि कुठल्या दिशेनं, हे बोटानं मोजा. तुमच्याकडे येत असतील तर वेळेचा अंदाज तिथल्या तिथे लागतो.

३. ‘दामिनी’ उघडा. तुमच्याभोवतीच्या वर्तुळात विजा दिसत असतील तर अंदाज वाचायची वेळ संपली, आडोसा गाठा.

सावधान: रडारवर काही दिसत नाही म्हणजे आभाळ मोकळं, असं नाही. रडारचा झोत सरळ जातो. डोंगर आडवा आला की पलीकडचं दिसत नाही आणि खूप लांबवर तो खालच्या ढगांच्या वरूनच निघून जातो. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांनी रडारवर फार विसंबू नये.

नेटवर्क गेलं तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या शिवारात पडू शकते. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालेल. झाड, पत्र्याची उघडी शेड, विहिरीचा काठ, ट्रॅक्टर, दुचाकी नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून बैल सोडायला गेलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात.

शहरात याच्या जोडीला होर्डिंग. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला; आडोसा म्हणून त्याच्याखाली गाडी लावू नका.

## टप्पा ७: पूर, आपल्या गावाचा पाऊस सोडून वरचा पाऊस

पुराच्या बाबतीत लोक खिडकीतून बाहेर बघतात. बघायला हवं नदीच्या वरच्या बाजूला. कोल्हापूर शहरात ऊन पडलेलं असताना पंचगंगा चढत असते, कारण पाऊस राधानगरीत आणि गगनबावड्यात पडलेला असतो. सांगलीला कृष्णेचं पाणी येतं ते कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतून.

क्रम:

१. वरच्या भागाचा रंग पाहा. कोल्हापूरकरानं ‘कोल्हापूर घाट’, सांगलीकरानं ‘सातारा घाट’. सांगली जिल्हा हिरवा आहे म्हणून झोपू नका.

२. वरच्या धरणातला साठा आणि विसर्ग पाहा. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा असतो. साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. यांची सांगड अशी घाला: साधारण ११,५०० क्युसेक पाणी चोवीस तास सोडलं की एक टीएमसी खाली आलं. धरण भरत आलंय, वर लाल रंग आहे आणि विसर्ग अजून कमी, तर पुढे तो वाढणार हे कुणी सांगायला नको. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक सुटतं.

३. नदीची पातळी पाहा, आणि दोन वेळांची पाहा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. नुसता आकडा अर्धवट असतो, चढण्याचा वेग महत्त्वाचा. तासाला दोन इंच हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण म्हणजे दिवसाला चार फूट. संध्याकाळी ३९ वर असलेली नदी दुसऱ्या संध्याकाळी ४३ वर.

४. तो आकडा आपल्या दारापर्यंत आणा. हे कुठलंही अ‍ॅप करत नाही. किती फुटांना घाटाची शेवटची पायरी बुडते, किती फुटांना मागच्या गल्लीत पाणी येतं, किती फुटांना आपला उंबरा, हे जुन्याजाणत्यांना विचारून फ्रिजवरच्या कागदावर लिहा. पूरपट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतीवर असतील तर त्या रंगकामात पुसू देऊ नका.

चूक: ४१.५ फूट म्हणजे ४१ फूट ५ इंच. नाही. दशांशात असेल तर ते ४१ फूट ६ इंच होतात. पत्रकात ‘फूट-इंच’ लिहिलंय की दशांश चिन्ह आहे, ते बघा.

चूक: ‘पाऊस थांबला, आता उतरेल.’ वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो. पातळी सलग तीन-चार नोंदींमध्ये उतरताना दिसेपर्यंत वर नेलेलं सामान खाली आणू नका.

धरणाखालच्या शहरांचं गणित वेगळं आणि घाईचं असतं. पुण्यात २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्याचं पाणी तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. अशा ठिकाणी पातळीची वाट न पाहता विसर्ग वाढल्याच्या पहिल्या निरोपाला गाड्या तळमजल्यावरून हलवायच्या. मुंबईत आणखी एक आकडा जोडीला हवा, भरतीचा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळेला आले की पाणी समुद्रात जात नाही. त्या दोन-तीन तासांत सखल भागातून जायचं टाळा.

निघायची वेळ ठरवताना धोका पातळीची वाट बघू नका. आजारी माणूस, गरोदर बाई, गुरं घरात असतील तर इशारा पातळीलाच हलायचं. वीज मंडळ पुरवठा बंद करण्याआधी घरचं मेन स्विच आपणच बंद करायचं.

## टप्पा ८: ऊन, जिथे इशारा नसला तरी धोका असतो

उष्णतेची लाट म्हणजे ‘खूप ऊन’ नव्हे, तिची ठरलेली मोजपट्टी आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ असावं लागतं, शिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर हवं. फरक ६.४ च्या पुढे गेला की तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला तर लाट आणि ४७ ला तीव्र.

गंमत इथेच आहे. नागपूरची मे महिन्यातली सरासरीच बेचाळीसच्या आसपास. तिथे ४४ झालं तर फरक दोनच अंशांचा, म्हणून लाट नाही. मार्चमध्ये मुंबईत ३८ झालं की लाट. याचा अर्थ नागपूरच्या ४४ मध्ये रस्त्यावर डांबर टाकणारा माणूस सुरक्षित आहे का? लाट जाहीर नसेल तर उन्हाची फिकीर नको, हा निष्कर्ष काढू नका.

अंदाजातलं तापमान सावलीतलं असतं, हवेशीर लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या तापमापकाचं. उन्हात उभ्या माणसाला, पत्र्याखाली काम करणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं. आणि किनाऱ्यावर दमटपणा. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीतही नव्हता.

म्हणून तीन आकडे वाचा: कमाल तापमान, आर्द्रता आणि रात्रीचं किमान. रात्र थंड झाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं तेच ऊन जास्त बाधतं. पत्रकात ‘उष्ण रात्र’ असा इशारा असेल तर घरातल्या वृद्धांकडे रात्रीही लक्ष ठेवा. जड काम बारा ते तीनच्या बाहेर ढकला. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं, ओआरएस.

तपासा: माणूस असंबद्ध बोलतोय, अंग भाजल्यासारखं गरम आहे, झोक जातोय? तो उष्माघात धरा. १०८ ला फोन, सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसत वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो.

## टप्पा ९: वही

हे काम कुणी करत नाही आणि सर्वांत उपयोगाचं हेच. सरळ भिंतींचा डबा मोकळ्या जागी ठेवा, झाडापासून आणि वळचणीपासून लांब. सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर मोजा आणि डबा रिकामा करा. पाऊसमापक विकत घेतला तर उत्तम, पण त्यावाचून अडून बसू नका. वहीत चार रकाने: तारीख, रंग आणि कारण, प्रत्यक्षात काय झालं, किती वाजता.

दोन हंगाम लिहिलंत की कळतं, ‘मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी’ म्हटल्यावर तुमच्या गावाला त्यातलं किती येतं. डोंगराच्या आडोशाला असलेली गावं असतात, पट्टी बुडतच नाही. आणि काही गावं अशी, की यलो असला तरी ओढा येतोच.

माझ्या वहीत त्या ऑक्टोबरची नोंद अशी आहे: ‘१२. यलो, विजा. दिवसा कोरडं. दादाकडे पाऊस १३ ला पहाटे ५, मोजला नाही. ताडपत्री रात्री ९ ला काढली होती.’